गजू मला ताई म्हणत नाही

सदू, परवा भंडाऱ्यात तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता, फोटोला हार होता, आणि एकामागून एक माणसं उठून तू किती खरा होतास ते सांगत होती. तुझ्या विभागातले एक चष्मेवाले सर माईकवर म्हणाले, "सरांनी आयुष्यात एकही खोटा शब्द उच्चारला नाही." मी मागच्या रांगेत होते. मला हसू फुटलं रे! पदर तोंडात कोंबला. शेजारच्या बाईला वाटलं हुंदका आला, तिनं पाठीवरून हात फिरवला. मग खरंच रडू आलं.

खोटारडा होतास तू. एक नंबरचा. हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे म्हणून बसले आहे. तुझ्या विभागातल्या एक मॅडम दुकानात आल्या होत्या. तुझ्या आठवणींचं पुस्तक काढणार म्हणाल्या, तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता, दोन शब्द द्या. वर म्हणाल्या, "चांगल्या आठवणी लिहा हं काकू." मी तिथंच सावध झाले. गिऱ्हाईक पिशवीतून भांडं काढायच्या आधीच 'चांगलं आहे हं' म्हणालं की मी ते भांडं दोनदा वाजवून घेते. लग्न होऊन ह्या पितळेच्या दुकानात आले तेव्हापासून हेच करत आले आहे. कुणी जुनं भांडं मोडीत द्यायला आणलं की टिचकी मारायची आणि कान द्यायचा. भोक बुजवायला डाख दिलेला असला, म्हणजे दुसरा धातू ओतून सांधलेलं असलं, की आवाज बसका येतो. तू म्हणायचास, "ताई, तू मानसाले बी टिचकी मारून पाहते." पाहते. काहून नाही पाहणार?

आता हे 'ताई' बघ. आपल्या गावी, आसगावात, मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. तू आमच्या शेजारचा, माझ्या धाकट्या भावाचा, गजूचा जोडीदार. दिवसभर आमच्याच सपरीत, ओसरीवर, पडून असायचास आणि गजूसारखाच मला बाई म्हणायचास. मग पुण्याला शिकायला गेलास आणि परत आलास तो ताई म्हणत. मी म्हटलं, "हे काय नवीन?" तर म्हणालास, "तिकडे बाई म्हटलं की धुणंभांडी करनारी समजतेत." मी म्हटलं, मी भांड्यातलीच आहे, माझं काही बिघडत नाही. पण तुझी जीभ वळली ती वळलीच. ह्या एका शब्दानं तू पकडला गेलास सदू, आणि तुला मरेपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. निदान मला तसं वाटतं.

तुझ्या नोकऱ्यांचा हिशेब मला कधी लागला नाही. आधी लाखांदूरला शाळेत मास्तर. बरं चाललं होतं. मग ते सोडून पुणे. मग कुठल्या कुठल्या देशांत, जिथं लढाई नुकतीच थांबली आहे अशा ठिकाणी, लोकांना एका सतरंजीवर बसवायला. मग नागपुरात युनिव्हर्सिटीत लेक्चरर, विषय शांतता. आमचे हे म्हणाले, "म्हणजे वाचनालयात पाटी लावतात, शांतता राखा, ते काम का?" तू सगळ्यात मोठ्यानं हसलास. पण मला तेव्हाही वाटलं, भांडणं मिटली तर ह्याचं पोट कसं भरणार? डॉक्टरला आजार लागतो, ह्याला भांडण लागतं. मग तू पोलिसांना शिकवलंस, पेपरात लिहिलंस, झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटकसुद्धा लिहिलंस. अरे, काय ते नाटक! दोघं भाऊ दुसऱ्या अंकात समजुतीनं बोलतात. मारामारी नाही, शिवी नाही, एक तलवार नाही. लोक उठून चहा प्यायला गेले ते परत आले नाहीत. तू स्टेजच्या बाजूला उभा राहून मला म्हणालास, "ताई, चहाच्या टपरीवर कोनी भांडून नाई राहिलं, पाहिलं का? म्हनजे परिनाम झाला." असला तू.

माझं आणि गजूचं भांडण तू नाटकात घातलं असतंस तर एकही माणूस चहाला उठला नसता.

आईचं पितळेचं गुंड होतं, पाण्याचं. तळाशी एका बाजूला पोचा. आई विहिरीवरून येताना पडली होती, तेव्हाचा. आई गेल्यावर एकदा दुकानात मोडीचा ढीग आला, मी चाळत होते आणि हाताला तो पोचा लागला. डोळे मिटूनसुद्धा ओळखला असता. गुंड ढिगातून काढून माझ्याजवळ ठेवलं. गजूच्या बायकोनं फेरीवाल्याला देऊन बदल्यात स्टीलचा डबा घेतला होता. मी त्याच वर्षी मंडईला आसगावला गेले आणि भर सपरीत, पाहुण्यांसमोर म्हटलं, "आईला मोडीत काढलं तुम्ही." गजू म्हणाला, "मोडीचा धंदा तुमचा हाये बाई. आमचा नाई." झालं. त्यानंतर मंडईचा निरोप बंद.

तुला हे सांगायला नको, पण मॅडमच्या पुस्तकात दुसरेही वाचतील म्हणून सांगते. दिवाळी, भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, नाटक होतं आणि घरोघर पाहुणे येतात. त्याआधी लेकींना, बहिणींना निरोप जातो. निरोप आला नाही म्हणजे त्या घराचं दार तुला बंद, असं गाव समजतं. तोंडानं कुणी काही म्हणत नाही. शेजारणी फक्त विचारतात, "विमलबाई, औंदा नाही गेल्या मंडईले?" मी म्हणायची, दुकानात गर्दी आहे. कितीतरी वर्षं आमच्या दुकानात मंडईच्या दिवशीच गर्दी व्हायची.

आणि मग एका दिवाळीत तू आलास. स्टुलावर बसलास, चहा घेतलास, समोरच्या समईकडे बघत म्हणालास, "गजू भेटला होता. म्हनत होता, ताईले सांगजो, मंडईले ये म्हना. माह्या मनात काई नाई."

माझ्या हातात फडकं होतं, ते तसंच राहिलं. ताईले? गजू मला ताई म्हणत नाही. जन्मात कधी म्हटलं नाही. रागात, लाडात, तापात बरळतानाही बाईच. टिचकी मारली आणि आवाज बसका आला. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू समईची वात सारखी करतोस. दुकानातल्या विकायच्या समईत वात कुठून आली असेल? तू रिकाम्या समईत बोट फिरवत होतास, लबाडा.

मला तेव्हा काय काय वाटलं सांगू? वाटलं, ह्याला पुस्तकासाठी काहीतरी पाहिजे. परदेशातली भांडणं संपली, आता गावातली धरली. वाटलं, गजूनं ह्याला हाताशी धरलं आहे, मला बोलावून चारचौघांत माझीच फजिती करायची आहे. वाटलं, दोघांनाही गुंड पाहिजे. त्या काळात मी कुणावरही संशय घेऊ शकत होते, देवावरसुद्धा. तरी गेले. का गेले ते विचारू नकोस. पकडायला गेले म्हण.

एसटीतून उतरले तर गजू फाट्यावर उभा. मला बघून त्याचं तोंड असं झालं, की मी येईन ह्यावर त्याचा विश्वास नव्हता. "आली का बाई?" एवढंच म्हणाला. बाई! बघ, बाईच म्हणाला. माझा संशय पक्का झाला. घरी गेल्यावर भावजयीनं माझ्यापुढे ताटलीत अनारसे ठेवले. मी गोड खात नाही हे आसगावच्या कुत्र्यांनाही माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत माझी जिलेबी मी गुपचूप गजूच्या पत्रावळीत सरकवायची. आणि आज माझ्यापुढे अनारसे? गजू समोर बसून एकटक बघत होता. मी मनात म्हटलं, ही कसली परीक्षा? पण इतक्या वर्षांनी दार उघडलं आहे, अनारशावरून बंद करू का? खाल्ले. दोन्ही खाल्ले, पाण्याच्या घोटाबरोबर. गजूचा चेहरा आणखीच गोंधळला.

त्यानंतर दर दिवाळीत तू दुकानात यायचास, दर वर्षी निरोप सांगायचास, आणि दर वर्षी त्यात ताई असायची. दर मंडईला माझ्यापुढे अनारसे यायचे. मी आणि गजू एकमेकांशी फोनवर कधी बोललो नाही. नंबर होते, पण लावला नाही कुणी. सदू आहे ना.

एकदा पेपरात तुझा लेख वाचला. मध्यस्थानं निरोप जसा आहे तसाच पोचवावा, स्वतःचा एक शब्दही घालू नये, नाहीतर समेटाच्या पायातच भुसा भरला जातो, असं तू बजावून लिहिलं होतंस. खाली तुझा फोटो. मी फोटोला म्हटलं, "वा रे प्रोफेसर!" आणि त्याच पेपरात गिऱ्हाइकाची तांब्याभांडी बांधून दिली.

तुझं पुस्तक आलं तेव्हा मी ते दुकानात बसून सगळं वाचून काढलं, फक्त स्वतःला शोधत. गावागावांतले समेट होते त्यात. तलावाच्या पाण्यावरून भांडलेली दोन गावं होती, शेताच्या धुऱ्यावरून भांडलेले चुलते होते, देवळावरून, रस्त्यावरून. विमल नव्हती, गजू नव्हता, गुंड नव्हतं. नावं बदलूनही नव्हतं. मला राग यायला हवा होता की आनंद व्हायला हवा होता, कळलं नाही. संशय मात्र वाढला. जो माणूस चहाच्या टपरीवरच्या भांडणाचाही लेख करतो, तो हे कसं सोडतो? सोडलंस, कारण लिहायचं तर कसं केलंस तेही लिहावं लागलं असतं. इतक्या पानांत तू दुसऱ्यांनी केलेली शांतता लिहिलीस आणि स्वतः केलेली तेवढी गाळलीस. त्याबद्दल मी तुझे पाय धरले असते, पण तुझ्यापेक्षा मोठी पडले.

आपला एक वाद अर्धाच राहिला. मी म्हटलं होतं, डाख दिलेलं भांडं ते डाख दिलेलंच, कितीही घासा, वाजवलं की कळतं. तू विचारलंस, "पानी धरते का?" मी म्हटलं, धरतं. "मंग कायले वाजवते ताई? भर पानी आन पे." मी म्हटलं, विकत घेणाऱ्याला फसवणं आहे ते. तू म्हणालास, "आन वापरनाऱ्याले माहीत असन तं?" तेवढ्यात लग्नाचं सामान घ्यायला एक कुटुंब आलं आणि मी उठले. वापरणाऱ्याला माहीत असेल तर. तुला माहीत होतं का रे, की मला माहीत आहे? परत येऊन विचारायचं होतं. तू निघून गेला होतास, कपातला चहा अर्धा ठेवून.

मग दसऱ्याच्या आधी नागपूरहून फोन आला, आणि तू नव्हतास.

तुझ्या तेरवीला आसगावात मांडव पडला होता. तुझे विद्यार्थी वाढत होते, कुठून कुठून आलेले. मी आणि गजू एका बाजूला खुर्च्यांवर. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कधी बसलो नव्हतो, मधे तू असायचास किंवा गर्दी. मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "गजू, तू सदूजवळ माझ्यासाठी निरोप धाडत होता का?"

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "तू धाडत होती का?"

"मी? मी कायले धाडू?"

"तो तं म्हने, ताईनं सांगतलं, गजूच्या घरचे अनारसे खायाची लय इच्छा झाली. मंडईले येऊन राहिली."

"अनारसे? मले?"

"तेच तं! मी तवाच समजलो का हा खोटं बोलून राहिला. बाई आन गोड? म्हनून मुद्दाम अनारसे करवले. म्हटलं पाहू, खाते का. तं तू खाल्ले! दोन्ही खाल्ले! मले वाटलं, म्हतारपनी सवय बदलली असन. तवापासून दर सालाले करून राहिलो आम्ही."

"मेल्या, मी तुझ्या भीतीनं खात होते!"

मग मी त्याला ताईचं सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले. आम्ही दोघं तेरवीच्या मांडवात हसत होतो, सदू. तुझी बायको शोभा वळून बघत होती. भावजय डोळे वटारत होती. गजू गमछा तोंडावर धरून म्हणाला, "काय मानूस होता बे हा," आणि गमछा तिथंच राहिला, कारण आता तो रडत होता.

पण हसू ओसरलं आणि माझ्या लक्षात आलं. गजूनं निरोप धाडला नव्हता. पहिल्या वर्षी नाही, आणि नंतरही नाही, एकदाही नाही. मी इतकी वर्षं आशा धरून होते की पहिला खोटा असेल, पण पुढचा एखादा तरी खरा असेल. एकही नव्हता. मग गजूला मी त्याच्या घरी पाहिजे होते का, की आली आहे तर अनारसे वाढा, एवढंच होतं? मी विचारणार होते. तोंड उघडलंही होतं. तर तो "पाहुन्याईले पानी देतो" म्हणून उठला आणि गेला.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडून आहे. मेलास ते मेलास, आमचं नातं तुझ्या खिशात घेऊन गेलास. परदेशातल्या लोकांना तू समोरासमोर बसवलंस आणि आम्हाला दोन टोकांना ठेवून मधे स्वतः धावत राहिलास. हे कुठलं शास्त्र? तू नसताना पुढे काय, हे शिकवत नाहीत का तुमच्यात?

दिवाळी झाली. दुकानात समया, तांबे, ताम्हनं, पाय ठेवायला जागा नाही. स्टूल रिकामं. मी नोकराला सांगून ते आत ठेवायला लावलं आणि परत बाहेर आणायला लावलं. भाऊबीज झाली. आसगावची मंडई तोंडावर आली. आमचे हे म्हणाले, "तूच फोन लाव ना." मी म्हटलं, "मी काहून लावू? निरोप माहेरहून येतो. उलटा जातो का कुठं?" आईचं गुंड वरच्या फळीवर आहे, ते मी उतरवून चिंच लावून घासलं. कशासाठी घासलं ते मलाही माहीत नाही. पुन्हा वर ठेवलं.

इथपर्यंत लिहून मी मॅडमना देणार होते. तुझ्याबद्दलच्या चांगल्या आठवणी ह्यात फारशा नाहीत हे मला कळतं. कागदाची घडीसुद्धा घातली होती.

आज सकाळी दुकान उघडून देवाला फूल वाहत होते, तर फोन वाजला. गजूचं नाव. गजूचं नाव माझ्या फोनवर कधी उमटलं नव्हतं. मी घाबरले, म्हटलं कुणाला काय झालं? उचलला तर पलीकडे नुसती गावाची गडबड, कुणीतरी मांडव ठोकत होतं.

मग म्हणाला, "ताई."

हातातलं फूल मी गल्ल्यावरच ठेवलं.

"ताई, मंडईले येजो. औंदा अनारसे केले नाई."

आवाज बसका येत होता. मी कान देऊन ऐकला. एवढ्यातही मनात आलंच, गुंड पाहिजे असेल. ते मी नेणार नाही, सांगून ठेवते. "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. उद्या सकाळची एसटी आहे. आसगावात सगळे विचारतील, सदू तर गेला, मग विमलबाई, औंदा निरोप कोणी आणला? मी सदूनं म्हणून सांगणार आहे.